दिव्यापुढचं पीठ

मी बुरशा वाढवतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हेच माझं काम, पण दौंडकडच्या आमच्या गावात ते सांगायची सोय नाही. "एवढं शिकून भाकरीवरची बुरशी बघतो व्हय?" असं आमचे आप्पा, म्हणजे धाकटे चुलते, चारचौघांत विचारायचे.

एका बुरशीनं मात्र मला पार वेडं केलं होतं. भीमेकाठच्या मसणवट्यातल्या जुन्या लिंबाच्या खोडावर ती यायची, खुरासारखी टणक. काचेच्या बशीत ती मधे ठेवली, की सोडलेली दुसरी बुरशी तिच्याजवळ फिरकायची नाही. भोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ. त्या रिकाम्या जागेतच औषध होतं, आणि माझी तीन वर्षं. पण या बशीतून त्या बशीत हलवता हलवता वर्तुळ आक्रसत गेलं आणि एके सकाळी नाहीसंच झालं. आयतं खाणं, शत्रू कुणी नाही, मग ती विष करील कशाला? मला तिचा रागच आला. गावी जाऊन ताजा तुकडा आणतो, आणतो म्हणत राहिलो. तेवढ्यात मसणवट्यात शेड बांधायला तो लिंब पाडला, आणि पंधरा दिवसांत वडील गेले.

सरण रचताना वडिलांच्या पायाशी ठेवलेला ओंडका ओळखला, त्याच लिंबाचा. त्यावर ती होती. सरणावर चढलेलं आमच्याकडं कुणी परत आणत नाही. मी आणलं. करंगळीएवढा तुकडा मोडला, लाज वाटली, तरी खिशात टाकला. नदीवर अंघोळ करून तो कोरड्या सदऱ्याच्या खिशात घातला.

घरी आल्यावर, वडिलांना जिथं निजवलं होतं तिथं दिवा लावला. दिव्यापुढं ज्वारीचं पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घालतात, ते दहाव्यापर्यंत उचलायचं नसतं. माणूस कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणे. पीठ मीच वाकून पसरलं. नंतर बघतो तर खिसा रिकामा. नऊ दिवस घर धुंडाळलं, पण तुकडा काही सापडला नाही.

दहाव्याला सकाळी आप्पांनी टोपलं उचललं. पावसानं जमिनीला ओल आलेली, सगळ्या पिठावर हिरवट काळी लव चढलेली. मधोमध मात्र वाटीएवढं पांढरंशुभ्र वर्तुळ, आणि त्याला दुभागणारी एक उभी तपकिरी चीर. एवढं मोठं वर्तुळ मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खूर हाय," आप्पा हळूच म्हणाले. "गाईचा."

नऊ दिवस आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती हमसून रडायला लागली. "गाईच्या पोटी गेले गं बाई," म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "बघ की रं, तू शिकलेला. खूरच हाय न्हवं?"

माझा हात पिठाच्या वर होता. ती चीर म्हणजे माझा तुकडाच; चिमटीत धरायचाच अवकाश, माझं औषध परत मिळत होतं. पण चीर उचलली की खूर मोडला.

"व्हय आई. खूरच हाय."

तुकडा माझ्याच खिशातून पडला, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तो नेमका तसा उभा कसा पडला, ते मला विचारू नका. दुपारी पीठ मीच भीमेत सोडलं, तुकड्यासकट. वडिलांच्या पायाशी होतं ते मी उचललं होतं आणि त्यांनी ते परत मागून घेतलं, असंच मला अजून वाटतं. आणि मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे.