मार्थाबाईंची कबुतरं

मार्थाबाईंच्या लेकीचा, रिबेकाचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचा गुडघा वाकवत होते. "ताई, मम्मी गेली... सकाळी चहा मागितला, मी घेऊन आले तोवर..." आजोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आपणच पाय खाली सोडला. "जा बेटा. माझा गुडघा काही पळून नाही चालला." त्याला आता सहा आठवडे झाले. मार्थाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. हुडकेश्वरला लेकीच्या घरी, आपल्या पलंगावर, कोणाला त्रास न देता गेल्या. रडायचं ते रडून झालं. आता लिहायला बसले आहे, तर त्यांच्या आठवणीने मान ताठच होते. कारण ही बाई जिंकत आली होती, आणि तेही कात्री, खळ आणि रद्दी एवढ्याच भांडवलावर.

मी नागपुरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मार्थाबाई मुलांच्या वॉर्डात आया होत्या. चादरी बदलणं, फरशी पुसणं, बेडपॅन देणं ही त्यांची नोकरी. दुपारी तीन ते चार हा मात्र त्यांचा स्वतःचा तास. वॉर्डाच्या मधोमध चटई पडायची आणि जी पोरं उतरू शकत ती सगळी तिच्यावर जमायची. मग बायबलातल्या गोष्टी हातांनी घडायच्या. जुनी एक्स-रे फिल्म धुऊन धुऊन आरपार झाली, की तिचा समुद्र व्हायचा. तो मधोमध कापून त्यातून काडेपेटीच्या काड्यांची माणसं पार जायची. सलाइनची उकळून घेतलेली बाटली म्हणजे योनाला गिळणारा मासा, आणि पोटात कापसाचा योना. "मावशी, काढा ना त्याले बाहेर!" म्हणून पोरं ओरडायची. मैद्याच्या खळीला मुंग्या लागतात म्हणून मेट्रनने एकदा हा उद्योग बंद केला होता. दुसऱ्या दिवशी मार्थाबाईंनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात खळ शिजवून आणली. मुंग्या आल्या नाहीत, तास चालू राहिला. आमच्या घरी बुद्धवंदना होते. नोहा, योना ही नावं मी पहिल्यांदा ऐकली ती त्या चटईपाशीच.

त्या वर्षी वॉर्डात वैशाली आली. सहा वर्षांची, नरखेड तालुक्यातल्या एका गावची. आंघोळीचं उकळतं पाणी उजव्या हातावर सांडलं होतं. जखमा भरल्या, पण पोरीने मूठ मिटली ती उघडेचना. भाजलेली कातडी आकसत जाते. मूठ तशीच राहिली, तर हात कायमचा जायचा. सर्जननी मला तीन आठवडे दिले. "नाहीतर पुन्हा ऑपरेशन. आणि तरी बोटं चालतील असं नाही." मी चोवीस वर्षांची. पुस्तकातलं सगळं पाठ होतं. आणि वैशाली मला पाहिलं की चादर डोक्यावर ओढून घ्यायची. एकदा तर माझ्या मनगटाला कडकडून चावली.

त्या दिवशी मी व्हरांड्यात रडत होते. मार्थाबाई बादली ठेवून जवळ आल्या.

"तू तिचा हात मांगून राहिली, पोरी. तिच्यापाशी तेवढंच उरलं आहे. ती काहून देईन तुले?"

"मग मी काय करू?"

"उद्या तीनले ये. चटईवर बस. अन् तिले हात नको लावू."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुठ्ठ्याचं एक मोठं तारू चिकटवलेलं होतं. मार्थाबाईंनी गोष्ट सांगितली... सगळी धरती पाण्याखाली गेली, तारवात नोहा, त्याची माणसं आणि जनावरं. कुठे जमीन दिसते का, हे पाहायला नोहाने कबुतर सोडलं. आता प्रत्येकाने आपलं कबुतर करायचं. कागदावर पंजा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं. अंगठा म्हणजे डोकं, चार बोटं म्हणजे पिसं. सगळ्यांची झाली. वैशाली बराच वेळ नुसती पाहत होती. मग तिने हळूच उजवी मूठ कागदावर ठेवली. मार्थाबाईंनी तितक्याच मन लावून तिच्याभोवती रेघ ओढली आणि कापून काढली.

"हा तं बटाटा आहे!" कोणीतरी हसलं. वैशालीने मूठ मागे ओढली.

"बटाटा नाही गा. बसलेलं कबुतर आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "सगळीकडं पाणीच पाणी. कुठं उतरन ते? म्हणून वापस आलं, पंख मिटून बसलं." आणि त्यांनी तो गोळा तारवाच्या खिडकीत चिकटवला. "उद्या पुन्हा धाडू."

दुसऱ्या दिवशीच्या कागदात अंगठा किंचित सुटा होता. तिसऱ्या दिवशी कबुतराला डोकं आलं. मी काहीच करत नव्हते, नुसती बसत होते. पाचव्या दिवशी वैशालीच मला म्हणाली, "मॅडम, तेल लावून द्या ना. आज मले एक पीस पाहिजे." दुखायचं. डोळ्यांतून धारा लागायच्या. पण आता डाव्या हाताने उजवा दाबून धरणारी तीच होती, आणि मी शेजारी बसून आकडे मोजत होते.

रविवारी तिचे वडील आले. गावात कोणीतरी त्यांचे कान भरले असावेत. भिंत पाहताच आवाज चढला. "मावशी, तुम्ही आमच्या पोरीले काय शिकवून राहिल्या? आमच्या घरी हे चालत नाही." मेट्रन दारात उभी. एक तक्रार गेली असती, तर तो तास कायमचा बंद झाला असता, आणि वैशालीची मूठही.

मार्थाबाईंनी पदराला हात पुसले. "पुरात सापडलेल्या माणसांची गोष्ट आहे, भाऊ. पूर का जात पाहून येते? गोष्ट आयकल्यानं कोणी बाटत नाही. हे पाहा, तुमच्या पोरीनं काय केलं ते." आणि त्यांनी वडिलांना भिंतीशी नेलं. बटाट्यापासून कालच्या कबुतरापर्यंत, ओळीने सारे कागद. ते एकेक पाहत पुढे गेले, मग पुन्हा पहिल्याकडे आले...

"हे सगळे हिच्या हाताचे?"

"हिच्याच."

ते चटईवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि लेकीला विचारलं, "आता कोणतं बोट राहिलं वं?" पुढच्या रविवारी त्यांनी शेतातला कापूस पिशवी भरून आणला. "ढग करा याचे," म्हणाले.

तिसरा आठवडा संपायला दोन दिवस होते. वैशालीने पंजा कागदावर ठेवला. मी वाकून, गाल जमिनीला लावून पाहिलं. तळहात आणि कागद यांच्यामध्ये उजेडाची रेघसुद्धा नव्हती! मार्थाबाईंची पेन्सिल करंगळीला वळसा घालून आली. कात्री वैशालीने स्वतः धरली, उजव्या हातात. कापलं वेडंवाकडं, पण कापलं. सगळे म्हणाले, लावा भिंतीवर. मार्थाबाईंनी मान हलवली. "शेवटचं कबुतर वापस आलंच नाही ना. त्याले जमीन भेटली." त्यांनी पोरीला कडेवर घेऊन खिडकीशी नेलं, आणि वैशालीने ते दुसऱ्या मजल्यावरून सोडून दिलं. गिरक्या घेत ते सायकलस्टँडच्या पत्र्यापलीकडे गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मेट्रनही होती. ऑपरेशन रद्द झालं. आज वैशाली संत्र्याच्या रोपांना कलमं बांधते. ते बोटांच्या टोकांचं काम आहे, आणि तालुक्यात तिच्या हाताला मागणी आहे.

निवृत्त झाल्यावरही मार्थाबाई दर गुरुवारी यायच्या, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. प्रार्थनासभा झाल्यावर रिबेकाने मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाखाली एक पोतं होतं. त्यात औषधांची रिकामी खोकी, प्रत्येक दोन्ही बाजूंनी चिकटवून विटेसारखं घट्ट केलेलं. "बायबलातल्या यरीहो शहराची भिंत करणार होती," रिबेका म्हणाली. "सहा दिवस चुपचाप फेरी मारायची, सातव्या दिवशी ओरडायचं. मग भिंत पडते."

गेल्या गुरुवारी ते पोतं मी वॉर्डात नेलं. माझ्या हातांना कला नाही. पोरांनीच मला बाजूला सारून भिंत रचली, छातीएवढी. सहा दिवसांच्या आम्ही सहा फेऱ्या केल्या. पुढे प्लास्टरचा पाय लांब केलेली चाकाच्या खुर्चीतली मुलगी, मागे सलाइनचा स्टँड ढकलत एक, आणि सगळ्यांत शेवटी मी. सहा फेऱ्या कोणी हूं की चूं केलं नाही. सातव्या फेरीला पोरं जी ओरडली, की खालून चौकीदार धावत वर आला. धडाधड खोकी कोसळली, पार खाटांखाली गेली.

"मॅडम, पुन्हा!"

त्या दुपारी आम्ही यरीहो पाच वेळा पाडलं.