धूर दुपारी दिसत नाही

सत्तरच्या दशकात मी सावनेरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. तिथला एक राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

शाळेच्या कुंपणाला लागून एक ठेकेदार कच्च्या कोळशाचे ढीग जाळायचा. असा अर्धवट जळलेला कोळसा सिगडीसाठी विकला जाई. उन्हाळ्यात धूर उंच जाऊन पांगायचा, म्हणून कुणी काही बोललं नाही. डिसेंबरात मात्र सकाळी सातच्या शाळेत पोरांना फळा दिसेना. धूर छपराच्या जरा वर जाऊन आडवा पसरायचा आणि तिथंच बसून राहायचा.

शाळा झाडणाऱ्या मावशी सहालाच येत. एका सकाळी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. ओठ निळे पडले होते. "बाई, मले दम घेता नाई येऊन राहिला," एवढंच बोलल्या. पंधरा दिवस त्या नागपूरला दवाखान्यात होत्या.

मी तहसील कचेरीत अर्ज केला. तिथले साहेब पाहणीला आले ते दुपारी दोनला, जीपमधून. धूर सरळ वर चालला होता.

"बाई, गरम हवा वर जाते," ते हसून म्हणाले. "तुम्हीच शिकवता ना?"

"दुपारी जाते साहेब. हिवाळ्यात रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन लवकर थंड होते. तिच्याजवळची हवा गार आणि जड होते, वरची मात्र उबदार राहते. त्या उबदार थराखाली धूर अडकतो. ऊन चढून जमीन तापेपर्यंत सुटत नाही. तुम्ही सकाळी सातला या."

"सातला?" त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं आणि दोघंही हसले. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जाऊ द्या, चहा घ्या." मी चहाला हात लावला नाही. पुढे कागद आला : पाहणीत धूर आढळला नाही.

मावशी घरी आल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याले दिसत नसन, तर ज्यायले दिसते त्यायनं बसावं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या वस्तीतल्या अकरा बाया आणि मी ढिगांसमोर बसलो. कुणाला पेटवू दिलं नाही.

"मास्तरीणबाई, तुमाले शोभते का हे?" ठेकेदार म्हणाला. मी उठले नाही.

पाचव्या दिवशी त्यानं ढीग हलवले, नाल्यापलीकडच्या सखल भागात. शाळेत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. गार हवा उतारावरून खाली जाऊन खोलगट जागी साचते, हे मी दरवर्षी शिकवत होते, आणि तरी खाल्ला.

आठवड्यानं बाजारात तिकडची एक बाई आडवी आली. कडेवरचं लेकरू खोकत होतं. "तुमचा धूर आमच्याकडं काहून पाठवला वं बाई?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नाल्यापलीकडे जाऊन तिकडच्या बायांसोबत ढिगांसमोर बसले. मावशी दर दहा पावलांवर थांबत तिथवर चालत आल्या. आमच्या अकरा जणींपैकी तिघीच आल्या.

ढीग कायमचे बंद झाले, पण होळी झाल्यावर. तेव्हा ऊन लवकर चढू लागलं होतं, आणि धूर तसाही वर जायला लागला होता.