डावीकडून तिसरा

हणमंतकाका सोनटक्क्यांच्या घरी गेलं की आधी हात धुऊन कोरडे पुसावे लागतात, चहा त्यानंतर. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली त्यांचा फ्लॅट आहे आणि त्यातली एक अख्खी खोली ‘नीलांबर मोटर्स’ने गिळली आहे. फरिदाबादची ही मोटार कंपनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंद पडली. तिच्या जागेवर आता इमारती आहेत. उरले ते कारखान्याचे फोटो, आणि ते काकांनी एकवीस वर्षं वणवण करून जमवलेत. कबाड्याच्या पोत्यातून, जुन्या फोरमनच्या ट्रंकेतून, एक तर हलवायाच्या दुकानातल्या भिंतीवरून. शालिनीकाकू म्हणतात, आमच्या लग्नाचा अल्बम मात्र माळ्यावर आहे.

माणूस तसा खडूस. नोएडात चौतीस वर्षं सुट्या भागांची तपासणी केली आणि ‘नापास’ हा शब्द तिथून घरी आणला. माझे पोहे दोनदा नापास झालेत. पण या फोटोंच्या वेडामागे त्यांचे वडील आहेत, अण्णा. ते नीलांबरमध्ये टाइमकीपर होते. कंपनीत फोटो निघाला की कोण कुठे उभं होतं ते अण्णा त्याच दिवशी वहीत उतरवत, डावीकडून उजवीकडे. फोटो साहेबलोकांच्या घरी गेले, वही काकांकडे आली. चेहरा सापडला की वहीतलं नाव त्याला लावायचं आणि त्या माणसाच्या घरच्यांना शोधून प्रत पोचवायची, हाच काकांचा उद्योग.

त्यातला सगळ्यात मोलाचा फोटो हजाराव्या गाडीचा. नोव्हेंबर १९६२. बॉनेटवर झेंडूचा भलामोठा हार, मागे ओळीत अकरा कामगार, त्यांच्यामागे कारखान्याची शेड. याची निगेटिव्ह काकांना तीन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या खोक्यात मिळाली आणि त्यांनी ती दुकानातून छापून आणली. अकरांतला एकच चेहरा अस्पष्ट होता, उजवीकडून तिसरा. ऐन वेळी मान वळवली होती पठ्ठ्याने. काका दर वेळी त्याच्यावर करवादायचे, की दोन सेकंद उभं राहायला काय झालं होतं.

वहीत डावीकडून तिसरं नाव होतं दगडू शेलार. साताऱ्याकडचा वेल्डर. फोटोनंतर महिन्याभरात कावीळ होऊन गेला, आणि तीन आठवड्यांनी त्याला मुलगी झाली. तीच वैजयंतीताई, आता एकसष्ट वर्षांच्या, फरिदाबादलाच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आईने कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून त्यांना वाढवलं. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. आईने फक्त एवढं सांगितलं होतं, की हजाराव्या गाडीच्या दिवशी ती सात महिन्यांची गरोदर, डबा घेऊन फाटकाशी उभी होती, दरवानाने आत सोडलं नाही, आणि लांबूनच तिने फोटो निघताना पाहिला. आई गेली, मग काका फोटो घेऊन पोचले. डावीकडून तिसरा चेहरा, रुबाबदार, भरघोस मिशांचा. ताईंनी तो मोठा करून भिंतीवर लावला, हार घातला. दर पितृपक्षात त्याच्यापुढे पान वाढायला लागल्या.

या फेब्रुवारीत गुरुग्रामला जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि काकांच्या फोटोंना तिथे एक दालन मिळालं. फलक करायचं काम माझ्यावर आलं, कारण मी नोएडाच्या एका ऑफिसात हीच कामं करते. हजाराव्या गाडीचा फलक सहा फुटी करायचा ठरला. खाली अकरा नावं, आणि उद्घाटन वैजयंतीताईंच्या हातून, रविवारी. गुरुवारी संध्याकाळी मी काकांच्या खोलीत लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवत होते आणि सहज थट्टेने म्हटलं, “काका, नीलांबर अमेरिकेत पण विकायचे का? स्टिअरिंग डावीकडे आहे.”

काका हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोट स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन एकेका कामगाराच्या सदऱ्याचा खिसा बघत गेले. अकराच्या अकरा खिसे छातीच्या उजव्या बाजूला, सदऱ्याचा खिसा तर डावीकडे असतो. गाडीचं नाव हाराखाली झाकलं होतं, नाहीतर अक्षरांनी तेव्हाच चोरी पकडली असती. निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली होती, डावं ते उजवं झालं होतं. बाकीचे सगळे फोटो जुन्या प्रती होत्या, हा एकच त्यांनी स्वतः छापून आणला, स्वतः तपासला आणि पास केला. हजार वेळा पाहिला, पण चेहरेच पाहिले. गाडीकडे बघितलंच नाही.

“अण्णांची यादी बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी चुकलो.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंच्या भिंतीवरचा रुबाबदार माणूस वहीप्रमाणे नववा होता, किशनलाल नावाचा कुणी फिटर. आणि दगडू शेलार म्हणजे तो अस्पष्ट चेहरा. तीन वर्षं बाई परक्या माणसाला हार घालत होती, आणि तिचा खरा बाप असा, की नाकडोळेही दिसत नाहीत.

शालिनीकाकूंनी स्पष्ट सांगितलं, गप्प बसा. कुणाला कळणार आहे? बाईचं समाधान हिरावून घेऊन काय मिळवाल? मला खरं तर त्यांचंच पटत होतं. काका त्या रात्री जेवले नाहीत. शुक्रवारी मी ऑफिसला निघाले तर ते लिफ्टपाशी उभे, हातात ती निगेटिव्ह, म्हणाले सुलटी छापून आण. एवढंच.

शनिवारी मी गाडी काढली. फरिदाबाद येईपर्यंत काका लिफाफा मांडीवर धरून बसले होते. ताईंनी शिरा केला होता. उद्या कुठली साडी नेसायची हे मला विचारलं. नातवाचं कपाळ अगदी पणजोबांसारखं आहे म्हणाल्या आणि भिंतीकडे बघितलं. काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस काही बोलत नाही, आणि मला त्याचं बरंही वाटलं.

“वैजयंतीताई,” काका म्हणाले, “भिंतीवरचे तुमचे वडील नव्हेत. माझी चूक झाली.”

नवा फोटो पुढे ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, निगेटिव्ह, खिसे, स्टिअरिंग. काहीही सारवासारव केली नाही. ताई त्या अस्पष्ट चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“एकदा जन्माआधी गेले,” त्या म्हणाल्या, “आणि आज तुम्ही परत नेलेत, हणमंतराव.”

आम्हाला जा म्हणाल्या नाहीत, पण उठून आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. शिरा तसाच राहिला. परतताना मी काकांवर चिडले. म्हटलं, झालं समाधान, नापास केलंत ना? काका डोळे पुसत होते, ते बघून मला माझीच लाज वाटली.

रविवारी सकाळपासून काका फलकाशेजारी उभे होते. सुलटा फोटो, खाली वहीतली तीच नावं. आयोजक घाई करत होते, हरयाणवीत आणि हिंदीत, की बाई नहीं आ रही तो फीता किसी और से कटवा लो. काका म्हणाले, थांबा. बारा वाजले, दोन वाजले. मी आणलेला डबा त्यांनी उघडला नाही. उन्हात उभ्या गाड्यांचे भोंगे वाजत होते, लोक सेल्फी काढत होते, आणि हा माणूस फाटकाकडे बघत उभा.

तीनच्या सुमारास ताई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी ती फ्रेम काढून काकांच्या हातात दिली. “यांचं कुणी सापडलं तर द्या. हार काढलेला नाही. तीन वर्षं आमच्या घरी नीट होते, असं सांगा.”

मग फलकासमोर गेल्या. सहा फुटी फोटोत तो चेहरा वीतभर झाला होता आणि आणखीच पुसट. वळून न बघता त्यांनी विचारलं, हे असे का हलले असतील? सगळे तर ताठ उभे आहेत.

काका उत्तर द्यायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. वाकून, तो चेहरा वळला होता त्या दिशेने बोट नेलं, फलकाच्या डाव्या कडेपर्यंत. मग जवळजवळ धावतच दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथला एक लहान फोटो खिळ्यावरून काढून घेऊन आले. कारखान्याचं अंगण, पाण्याच्या टाकीवरून घेतलेलं. मध्ये तीच शेड. उजवीकडे भट्टीचं धुराडं. डावीकडे लोखंडी फाटक.

“उलट्या फोटोत ते धुराड्याकडे बघत होते,” काका म्हणाले. “मी तीन वर्षं त्यांना शिव्या घातल्या. ताई, ते फाटकाकडे बघतायत.”

ताईंनी लहान फोटो हातात घेतला, मोठ्याशेजारी धरला. फाटकावर बोट ठेवलं, मग त्या पुसट चेहऱ्यावर. आयोजक कात्री घेऊन मागे येऊन उभा होता, त्याला मी हातानेच थोपवलं.

“आई एकटी नव्हती तिथे,” त्या म्हणाल्या. “मी पण होते.”