दोन दोर जोडले तरी गाळच

बायांनो, आज ग्रामसभेत भांडून आले. शेतीखात्याचे साहेब म्हणाले, "हवामान बदललंय, शेततळी करा."

मी विचारलं, "पाऊसच न्हाई, तर तळं भरायचं कशानं?"

माझाच दीर मागून ओरडला, "बोअरनं भरतो की, वहिनी! तुमी भाकरी थापा." सगळे हसले, साहेबसुद्धा.

तिथून आडावर गेले. कालचा दोर पुरला न्हाई. दुसरा जोडला तवा पोहरा टेकला, अन् गाळ घेऊन वर आला.

पलीकडं दिराचं तळं काठोकाठ भरलंय, उन्हानं उडून चाललंय, अन् आडाचा झरा ओढणारी बोअर चालूच हाय.

बोअरचं पाणी मचूळ, म्हणून त्याच्या घरी प्यायला याच आडाचं पाणी जातं. जाऊ घागर घेऊन आली. तिच्या घागरीत तोच गाळ ओतला.

जोडायला तिसरा दोर न्हाई. तुमच्या गावात कुणी बोअर बंद करायला लावली का? कशी, तेवढं सांगा.