सुनीतीबाई आणि बघण्याच्या दोन तऱ्हा

बडोद्याच्या रावपुऱ्यात राहणाऱ्या सुनीतीबाई शिकाऊ शिक्षिकांचा वर्ग चालवीत. सयाजीराव महाराजांनी शिक्षण सक्तीचे केल्यापासून बडोदे संस्थानात गावोगावी शिक्षिका हव्या होत्या, आणि त्या घडवण्याच्या कामात बाई रमून गेल्या होत्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. फळ्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ असो की एखादीच्या पदराची उसवलेली शिवण.

शैला मात्र त्यांना कोड्यात टाकी. तिला बैलगाडीत बसलेल्या बाईचे चित्र दाखवून काय दिसते विचारले, तर ती म्हणे, "ही बाई रुसून माहेरी निघालीय." गाडीला बैल कुठल्या रंगाचे, हे मात्र तिला सांगता येत नसे. शाळातपासनीस जयसिंगराव यांनी तिचा पाठ पाहून निकाल दिला, "हिला नापास करा. जी स्वतः नीट बघत नाही, ती मुलींना काय दाखवणार?"

बाईंचे धाकटे भाऊ हेरंब कॉलेजात शिकवीत. त्या दिवसांत ते स्वित्झर्लंडच्या एका मानसशास्त्रज्ञाचे लेखन वाचत होते. बाईंनी जेवताना शैलाची अडचण सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "अक्का, त्याचं म्हणणं असं, की माहिती सगळेच सारखी घेत नाहीत. काहींना समोर आहे ते डोळ्या-कानांनी स्वच्छ कळतं. काहींचं मन तिथं थांबतच नाही. त्यामागं काय आहे, पुढं काय होईल, तिकडं झेपावतं. स्वभावाचे प्रकारच आहेत ते."

बाईंचा हात ताटावर थबकला. "म्हणजे शैलाला दिसत नाही असं नाही. तिला दुसरंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयसिंगरावांकडून शैलासाठी आणखी एका पाठाची संधी मागून घेतली. मग शैला आणि वर्गातली सर्वांत काटेकोर मुलगी निरुपमा, दोघींना घेऊन त्या कुंभारवाड्यात गेल्या. "बेसो, बेन," म्हणत कुंभारणीने बसायला फळकूट पुढे सरकवले. दोघी सकाळभर माठ घडवण्याचे एकच काम बघत बसल्या.

पाठाच्या दिवशी जयसिंगरावांसमोर दोघी मिळून शाळेतल्या मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. निरुपमाने मातीपासून भट्टीपर्यंत सगळे ओळीने सांगितले. एका मुलीने विचारले, "पण माठात पाणी गार का होतं?" निरुपमा अडली.

शैला पुढे झाली. "उन्हातून आल्यावर तुला घाम येतो आणि वारा लागला की गार वाटतं ना? माठालाही घाम येतो." मुली खुलल्या. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "माठाला भोकं कुठं असतात घाम यायला?" आता शैला अडली.

निरुपमा बाजूने हळूच म्हणाली, "कुंभारणीनं मातीत घोड्याची लीद मिसळली होती."

शैलाने वळून पाहिले. "आणि भट्टीत ती जळून गेली. मग तिच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहिल्या असणार."

 मग सगळ्या मुली एकदम बोलू लागल्या.

बाहेर आल्यावर जयसिंगराव म्हणाले, "बाई, दोघीही एकेकदा अडल्या. मग दोघींना नापास करू?"

"दोघींना पास करा," बाई शांतपणे म्हणाल्या. "जिला जे दिसत नाही, ते बघायला मी शिकवीन."

त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर दोन वेगळ्या नजरांच्या मुली त्या मुद्दाम शेजारी बसवू लागल्या. कुणी विचारलेच, "बाई, मी कोणत्या प्रकारची?" तर म्हणत, "हा काही कपाळावरचा शिक्का नाही. उजवा हात सवयीचा असला, तरी गाठ सोडवायला डावाही लागतो."

शैलाची नेमणूक अमरेलीकडे झाली. पुढच्या वर्षी दौऱ्यावरून परतलेले जयसिंगराव सांगू लागले, "तुमची शैला आता मुलींना आधी वस्तू हातात देते. नीट चाचपा, म्हणते, अर्थ मागाहून सांगा."

"तिला स्वतःला जड जात असेल ते."

"जातं. तसं म्हणालीही. पण रोज करते."

बाई समाधानाने हसल्या आणि पुढच्या वर्गाला गेल्या.