नाव नसलेला बदल

आमच्या अब्बांचं केजला स्टँडजवळ गॅरेज आहे. गाडी उगाच आवाज करत नाही, कुठंतरी नट ढिला असतोच, हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे कुणी 'तिकडं काहीतरी दिसलं', 'हाक ऐकू आली' असं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. आजही बहुतेक तसंच करते... पण एका दुपारपुरतं माझ्याकडं उत्तर नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी केजमधल्या एका शिक्षणसंस्थेत सिस्टीम ॲडमिन आहे. संस्थेचं कॉलेज केजला, शाळा युसूफ वडगाव आणि घाटनांदूरला. सगळ्या स्टाफची माहिती — नाव, हुद्दा, मोबाईल, पासवर्ड, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर — एकाच ठिकाणी असते. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. शाळेतल्या क्लार्कनं कुणाचंही नाव टाकलं की त्याच्या स्क्रीनवर जी माहिती येते ती इथूनच.

या सर्व्हरची एक शिस्त आहे. काहीही बदललं की त्या बदलाला तो पुढचा क्रमांक देतो आणि टिपून ठेवतो — कुणाची माहिती बदलली, आधी काय होतं, आता काय आहे, आणि कुणी बदललं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मागच्या वेळेनंतर जे जे बदललं तेवढंच तो समोर आणून द्यायचा. रोज ऑफिसात आलं की चहा पिता पिता मी ते बघायचे. कुणी पासवर्ड बदललेला असायचा, कुणाची बदली झालेली. कंटाळवाणं काम, खरं सांगायचं तर.

त्या दिवशी सकाळी एक बदल दिसला. युसूफ वडगावच्या शाळेतले कोकरे सर — विज्ञान शिकवतात, चाळिशीचे असतील — यांचा तातडीचा नंबर बदललेला होता. बायकोचा नंबर जाऊन तिथं दुसराच आला होता. आणि 'कुणी बदललं' या जागी काहीच नव्हतं. कोरं.

असं होत नाही. नाव घेतल्याशिवाय सर्व्हर कुणाला हातच लावू देत नाही. बदलाचा क्रमांक मात्र अगदी ओळीत होता, मागच्याच्या पुढचा.

मी सरांना फोन लावला.

"सर, तुमचा घरचा नंबर बदललाय का?"

"न्हाई मॅडम. कावून?"

मी नवा नंबर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा म्हणायला लावला.

"वळखीचा न्हाई वो. आमच्या मंडळी धारूरला माहेरी गेल्यात, पण त्यांचा नंबर जुनाच हाय. तोच ठेवा."

मग मी त्या नव्या नंबरवर फोन केला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. कुणीतरी आत घुसलंय अशी शंका होती, म्हणून आधी माझा स्वतःचा पासवर्ड बदलला आणि मग सरांचा जुना नंबर परत टाकला. स्क्रीनवर नीट बघितला. बरोबर होता.

दुपारी जेवणानंतर युसूफ वडगावहून गफूरभाईंचा फोन आला. ते तिथले क्लार्क. आवाज शांत, पण धाप लागलेली.

"मॅडम, कोकरे सर वर्गात पडले. छातीत कळ आली. आत्ता अंबाजोगाईला नेलं त्यांना."

"ॲम्ब्युलन्स आली का?"

"तिला टाइम होता. सरांचे भाऊ आले ना. कंप्युटरवर नंबर होता त्यावर लावला, तर ते हितंच बाजारात होते."

मी म्हटलं, "भाऊ? तिथं तर बायकोचा नंबर आहे."

"न्हाई मॅडम. माझ्यासमोर उघडंय अजून." आणि त्यांनी नंबर वाचला. सकाळचाच. मी खोडलेला.

फोन ठेवून मी प्रोग्रॅम चालवला. माझ्या बदलाच्या लगेच खाली आणखी एक बदल होता. कोकरे सर, तातडीचा नंबर. नावाच्या जागी कोरं. घाटनांदूरला या सगळ्याची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर आहे, त्याच्यावरही अगदी तसंच. ऑफिसात पंखा चालू होता, बाहेर पोरं कबड्डी खेळत होती, आणि मी प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघितला. कोरंच. भीती वाटली असं नाही. पण तो नंबर परत खोडायला मी गेले नाही.

सर वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

चार-आठ दिवसांनी भेटायला गेले तर कॉटजवळ एक उंच, उन्हानं रापलेला माणूस मोसंबी सोलत बसला होता. सरांचे थोरले भाऊ, मारुती अण्णा. शेळ्या-मेंढ्यांचा धंदा, स्वतःचा पिकअप. आई गेली तेव्हा शेवटी तिचं कुणी किती केलं यावरून दोघांत बिनसलं, ते कित्येक वर्षं बोलत नव्हते. सरांनीच हळू आवाजात सांगितलं. अण्णा मान खाली घालून सोलत राहिले.

"बाजारात सौदा चालला व्हता," अण्णा म्हणाले. "फोन आला, कोकरे सर वर्गात पडलेत म्हनून. बकऱ्या तितंच सोडल्या, ह्याला मागं टाकला अन् निघालो. दुसरं काय करनार?"

सर माझ्याकडं वळले. "मॅडम, अण्णाचा नंबर तुमी कुठून काढला?"

"मी नाही टाकला, सर."

ते हसले. मी मोठेपणा घेत नाही असं त्यांना वाटलं असावं.

मी अण्णांना विचारलं, हा नंबर कुणाकुणाकडं आहे?

"कुनाकडंच न्हाई वो. जुना फोन हिरीत पडला. हे कार्ड त्या दिवसाच्या आदल्या बाजाराला घेतलं. घरच्यांना सोडलं तर एका व्यापाऱ्याला दिलता, त्यो पन सोलापूरकडचा."

नंतर मी सगळं तपासलं. कुणी बाहेरून आलं नव्हतं. पुण्याच्या एका मित्राला, जो यातला माझ्यापेक्षा लई जाणकार, सगळं दाखवलं. तो म्हणाला, नाव कोरं पडणं हा एखादा बग असू शकतो. "आणि नंबर?" मी विचारलं. त्यानं सगळ्या नोंदी परत पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

सर कामावर आल्यावर त्यांनी अर्ज दिला — तातडीचा नंबर म्हणून अण्णांचाच ठेवावा. मी माझ्या नावानं आत गेले आणि नंबर टाकला. सर्व्हरनं घेतला नाही. हा नंबर आधीच आहे, बदलण्यासारखं काही नाही, असं उत्तर आलं.

जुनी नोंद पुसून परत टाकली असती तर त्या जागी माझं नाव आलं असतं. एकदा हात गेलाही होता. मग विचार केला... ज्याचं काम त्याच्याच नावावर असू द्यावं. नाव माहीत नसलं तरी. मी स्क्रीन बंद केली आणि घरी गेले.