मोशीला अडकलेलं गिफ्ट

ह्यांचा फोन आला तवा मी चिऊची वेणी घालत होते. भोसरीच्या कंपनीतून, मशीनच्या आवाजातच हे म्हणाले, ताई गेली. डेंगी होता, ताईंनी साधा ताप म्हणून अंगावर काढला, दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला होता. मी चिऊचे केस मुठीत धरून तशीच बसले, आणि पहिला विचार जो मनात आला तो लिहायची आज पण लाज वाटते… चिऊचा तिसरा वाढदिवस होऊन गेला होता आणि आत्याचं गिफ्ट अजून यायचं होतं. मला वाटलं, आता ते काय येत न्हाई. माणूस गेलं आणि मला गिफ्ट आठवलं.

वैशालीताई माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं न्हाई, बीएस्सी झाल्या आणि चाकणला एका लॅबमध्ये लागल्या, तिथेच खोली घेऊन राहायच्या. आमी रहाटणीला, मी, हे, चिऊ आणि सासूबाई. लॅबमध्ये ताई काय करतात ते मला एवढंच माहीत होतं की खेळणी कापतात. एकदा त्यांनी सांगितलं पण होतं, की रंग ब्लेडने खरवडायचा, प्लास्टिकचा बारीक चुरा करायचा, आपल्या पोटात असतं तसं आंबट पाणी करून त्यात तो अंगाएवढ्या उबेला हलवत ठेवायचा, मग त्या पाण्यात विषारी काय उतरतं ते मशीन सांगतं. मी म्हणलं, म्हणजे चांगलं खेळणं मोडायचा पगार घेता की. त्या हसल्या. "व्हय गं रूपा, आणि तुझा नवरा बनवायचा घेतो." कारण हे खेळण्यांच्याच कंपनीत आहेत, मोल्डिंग मशीनवर.

ताईंचं गिफ्ट कधीच वेळेवर आलं न्हाई. चिऊच्या पहिल्या वाढदिवसाला आमी खाली पार्किंगमध्ये मांडव घातला, सगळ्यांनी मोठमोठे खोके आणले, आणि ताई राजगिऱ्याचे लाडू घेऊन आल्या. मला चारचौघींत इतकं कसंतरी झालं की मी मुद्दाम मोठ्याने म्हणलं, "ताई, तुमचं गिफ्ट पीएमटीच्या बसने निघालंय का?" सगळे हसले. ताई पण हसल्या. "अगं निघालंय कधीच, वाटेत मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकलंय." मग महिन्याभराने एक रबरी हत्ती आला, तो पण कसल्याशा साध्या पिशवीत, खोकं न्हाई की चकचकीत कागद न्हाई. मी वरच्या मजल्यावरच्या बायकांना सांगितलं, लॅबमध्ये उरलेलं सुरलेलं आणून देतात. असं मीच सांगत फिरले, दुसऱ्या कुणी न्हाई.

आणि तो लाल खुळखुळा… हे कंपनीतून घेऊन आले होते, चिऊ तो दिवसभर चघळायची. ताई रविवारी आल्या, खुळखुळा हातात घेतला, नखाने रंग खरवडून बघितला, आणि मी चहाचं आधण ठेवायला वळले तेवढ्यात पर्समध्ये टाकला. मी कपाटाच्या काचेत बघितलं. चिऊ रडून रडून लाल झाली, ताई तिला कडेवर घेऊन फिरवत राहिल्या पण खुळखुळा काय बाहेर काढला न्हाई. त्याच आठवड्यात त्या परत आल्या, म्हणाल्या पोरगी पांढरी दिसतेय, रक्त तपासू, आणि मी नको म्हणत असताना रिक्षाने घेऊन गेल्या. एवढ्याशा हाताला सुई टोचली म्हणून मी भांडले. रिपोर्ट चांगला आला तवा म्हणलं, बघा, उगाच. ताई नुसत्या खाली बसल्या आणि दोन ग्लास पाणी प्यायल्या.

त्याच्यानंतर ताई येणार असल्या की मी सगळी खेळणी माळ्यावर टाकायचे. चोरीच्या भीतीने. एकदा त्या आल्या, मोकळ्या फरशीकडे बघितलं, म्हणाल्या, "आज पसारा न्हाई?" मी म्हणलं, आवरला. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. माळ्यावरून हत्तीची सोंड लोंबत होती, त्यांनीच दिलेल्या हत्तीची. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या. तो कप विसळल्याचा आवाज मला आता घरात कधीपण ऐकू येतो.

तेराव्यानंतर आमी खोली रिकामी करायला चाकणला गेलो. ताईंच्या लॅबमधल्या एक मॅडम किल्ली घेऊन आल्या होत्या. एक कॉट, एक शेगडी, चार साड्या… आणि कपाटावर खेळण्यातलं पिवळं बदक, नव्याकोऱ्या पिशवीत. सासूबाई रडायला लागल्या, म्हणाल्या, चिऊचंच आहे, दे तिला. मी द्यायला हात पुढे केला तर मॅडमनी माझा हात धरला. "आत्ता देऊ नका. ह्याचा जोडीदार लॅबमध्ये आहे, त्याचं झालेलं नाही."

मला काही कळंना. मग त्या सांगायला लागल्या. ताई प्रत्येक खेळणं दोन घ्यायच्या, एकाच रंगाची, एकाच खोक्यातली. एक कापायच्या, एक घरी ठेवायच्या. साहेबांची परवानगी होती, पण मशीन रिकामं मिळेल तवाच, म्हणून आठवडेच्या आठवडे जायचे. जे चांगलं निघेल तेच चिऊला. न्हाई निघालं की परत बाजारात, परत दोन. मी विचारलं, मग आमाला का न्हाई सांगितलं. मॅडमनी ह्यांच्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यामुळे. म्हणायची, माझा भाऊ त्याच धंद्यात आहे, त्याला वाटेल मी त्याच्या भाकरीला नावं ठेवते."

मी खुळखुळ्याचं विचारलं. त्याच्या लाल रंगात शिसं निघालं होतं. चिऊच्या रक्तात पण तेच बघायचं होतं त्यांना, त्यात न्हाई आलं म्हणून त्या लॅबमध्ये येऊन रडल्या होत्या, मॅडमनी बघितलं होतं. आमच्या घरी मात्र दोन ग्लास पाणी. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिकडेच बघत म्हणाले, "तो लाल रंग कंपनीत बाहेरनं आला होता तवा."

निघताना मॅडम म्हणाल्या, लॅबमधलं दुसरं बदक अजून न कापता तसंच आहे, परत आणून देऊ का, जोडी राहील आठवण म्हणून. सासूबाई हो म्हणाल्या. हे पण हो म्हणाले. ह्या दोघांपुढे माझा आवाज निघत न्हाई सहसा, पण मी म्हणलं, "कापा." सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं… मी परत म्हणलं, "ताईंनी कापलं असतं. तुमी कापा, आणि काय निघेल ते मला सांगा. ह्यांच्यासमोर सांगा."

अजून फोन आलेला न्हाई. मशीन रिकामं नसेल. बदक आता आमच्या कपाटावर आहे, पिशवीसकट. चिऊ खालून मान वर करून बघते आणि रोज विचारते, आत्याचं गिफ्ट कधी देणार. मी म्हणते, मोशीला अडकलंय.

"ट्रॅफिक लई हाय का?"

व्हय गं, म्हणते मी, लई.